गावाकडची सहल, सातारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सातारा आणि वाई तालुक्यातली काही शेतकरी घरं मिळून पाहुण्यांसाठी तीन दिवस, दोन रात्रींची सहल ठेवतो. मुक्काम कृष्णाकाठच्या गावात आणि फिरणं आसपासच्या टापूत. फोनवर बहुतेक तेच प्रश्न येतात आणि ते रास्तच असतात. घरातली म्हातारी माणसं आणि लहान पोरं घेऊन अनोळखी गावात जायचं, तर आधी सगळं विचारून घ्यायलाच हवं. म्हणून उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत.

तीन दिवसांत काय काय बघून होतं?

थोडंच, पण नीट. दिवसाला सहा-सात ठिकाणं उरकायची असतील तर ही सहल तुमच्यासाठी नाही. ते आधीच सांगितलेलं बरं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गावात पोचायचं, जेवायचं, जरा आडवं व्हायचं. ऊन उतरलं की लिंबच्या शेरेवाडीतली बारा मोटेची विहीर. इ.स. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतल्याचं तिथल्या शिलालेखावरून कळतं. वरून पाहिली तर साधी दगडी विहीर वाटते. पायऱ्या उतरून आत गेलं की कोरीव खांब, कमानी आणि चक्क एक छोटा महाल लागतो. बारा मोटा, म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या मोठ्या पिशव्या, एका वेळी चालतील अशी जागा वर काठाला केलेली आहे. ज्यांनी मोट कधी पाहिलेली नाही त्यांना आमच्या गावचे एक आबा तिथेच उभे राहून समजावतात. बैल उलटे मागे का यायचे, नाडा आणि सोंदूर या दोन दोरांत फरक काय, मोटेचं पाणी थारोळ्यात कसं पडायचं, सगळं.

दुसरा दिवस ऋतूप्रमाणे बदलतो, त्याचं खाली लिहिलंय. तिसऱ्या दिवशी वाई आणि मेणवली, दुपारचं जेवण आणि परतीचा रस्ता.

वाई-मेणवलीला अर्धा दिवस? तिथे एवढं काय आहे?

बरंच आहे, आणि ते घाईत दिसत नाही.

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक असतो. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं. लोक दर्शन घेतात, फोटो काढतात आणि निघतात. आम्ही सगळ्यांना देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन जातो. मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, देवळाला थेट धडक बसू नये, हा हेतू. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या भिंतीने झेललेत.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्यातले चौक, भिंतींवरची चित्रं आणि मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. घाटावर एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. घाटावर आम्ही तासभर नुसते बसतो. कुणी पाण्याकडे बघत बसतं, कुणी डबा उघडतं. हा तास कमी करा असं अनेकजण आधी सुचवतात, पण तो कमी होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम याच वाईत उभं राहिलं. गटात शिक्षक असले तर ही माहिती निघतेच आणि मग गप्पा लांबतात.

गटात किती माणसं घेता? आम्ही चाळीसजण आहोत, जमेल का?

एका वेळी जास्तीत जास्त सोळा. सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सोळा पाहुणे आणि आमचा एक माणूस बसतो, हे एक कारण. खरं कारण गावाचं आहे. सोळा माणसं चार घरांत वाटली की प्रत्येक घरी चारच पाहुणे येतात. तेवढ्यांच्या भाकरी घरची बाई हसतमुखाने थापते, त्यांच्याशी बोलायला तिला वेळ मिळतो. चाळीस माणसं आली की मांडव घालावा लागतो, आचारी बोलवावा लागतो आणि मग ते लग्नाचं जेवण होतं. गावाशी पाहुण्यांची ओळख होतच नाही. शिवाय पाणी. उन्हाळ्यात आमच्या आडांची पातळी खाली जाते, तेव्हा एकदम चाळीस माणसांच्या आंघोळी गावाला परवडत नाहीत.

तुम्ही चाळीस असाल तर तीन तुकड्या करा, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत या. आम्ही तारखा जुळवून देतो.

यायला सगळ्यात चांगला महिना कोणता?

तुम्हाला काय हवंय त्यावर आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेकडचा डोंगर हिरवागार असतो. ठोसेघरचा धबधबा तेव्हा पूर्ण भरात असतो. पण धुकं इतकं दाट येतं की कधी कधी दरीत नुसता आवाजच ऐकू येतो. सप्टेंबर कासच्या फुलांचा. ऑक्टोबरच्या शेवटापासून गुऱ्हाळं पेटायला लागतात. डिसेंबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रब्बीच्या ज्वारीचा हुरडा. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, पण डोंगराकडच्या जावळीत करवंदं, जांभळं, तोरणं, आळू असा रानमेवा मिळतो. दुपारी बारा ते चार मात्र घरातच बसावं लागतं.

मला विचाराल तर जानेवारी. हुरडा आणि गुऱ्हाळ दोन्ही मिळतात, हवा थंड असते आणि शिवारात माणसं असतात. एकच अडचण म्हणजे पौषातल्या यात्रा. मांढरदेवीच्या काळूबाईची आणि पालीच्या खंडोबाची यात्रा असते तेव्हा रस्त्यांवर मोठी गर्दी होते. त्या दिवसांत आम्ही सहल ठेवत नाही.

कासची फुलं नक्की कधी दिसतात? तारीख सांगाल का?

नाही सांगता येत. साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बहर असतो. पण तो पावसावर चालतो. मध्ये चार दिवस ऊन पडलं तर फुलं एकदम येतात, सलग झड लागली तर थांबतात.

कास साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. जांभा खडकाचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर. मोठी झाडं तिथे मूळ धरू शकत नाहीत, म्हणून ती जागा या इवल्या फुलांना मिळाली. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळी सोनकी. सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे पकडून खातात, कारण त्या मातीत पोषण फारसं नाही. हे ऐकल्यावर पोरं गुडघ्यावर बसून बघायला लागतात. टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते, त्यामुळे ती यंदा दिसेल का हे आधी विचारून घ्या. पश्चिम घाटातल्या जागतिक वारशाच्या ठिकाणांत २०१२ पासून कासचा समावेश आहे.

रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर तिथे मर्यादा आहे आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती आम्ही करतो. शनिवार-रविवार टाळतो. आणि एक कळकळीची विनंती. आखलेली पायवाट सोडून एक पाऊलही आत टाकू नका, फोटोसाठी तर नकोच. तिथे पायाखाली जे चिरडतं त्यात पुढच्या वर्षीचं बी आणि कंद असतात. लहान मुलाने एखादं फूल तोडलं तर आमचा माणूस त्याला प्रेमानेच पण नक्की टोकेल, त्याचा राग मानू नका.

फुलांचा हंगाम नसेल तर दुसऱ्या दिवशी काय?

सज्जनगड, आणि पाऊस असेल तर पुढे ठोसेघर. सज्जनगड म्हणजे पूर्वीचा परळीचा किल्ला. समर्थ रामदासांचं शेवटचं वास्तव्य तिथे झालं, समाधी तिथेच आहे. दुपारी महाप्रसाद असतो. पंगतीला बसून तो घ्यावा असं आम्ही सुचवतो, सक्ती नाही. गडावरून उरमोडी धरणाचं पाणी आणि परळीचं खोरं छान दिसतं. ठोसेघरला धबधबा पाहायला गॅलरी आहे, तिथूनच पाहायचा. खाली उतरायचं नाही.

थंडीच्या दिवसांत दुसऱ्या दिवसाचा दुपारनंतरचा वेळ गुऱ्हाळासाठी राखलेला असतो.

गुऱ्हाळावर काय बघायचं? गूळ तर दुकानातही मिळतो.

हा प्रश्न शहरातली मुलं विचारतात आणि तीच तिथून उठायला तयार नसतात.

चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत घेतात. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात, म्हणजे उसाचंच जळण उसाच्या रसाला. रस तापायला लागला की त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. त्याने मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायचं. हळूहळू रंग बदलतो, फेस बदलतो, वास बदलतो. काहिलीपाशी उभा असतो तो गुळव्या, सगळी भिस्त त्याच्यावर. त्याच्याकडे ना घड्याळ असतं ना तापमापक. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते तो बोटांनी बघतो. काहिल मिनिटभर लवकर उतरली तर गूळ मऊ राहतो, उशिरा उतरली तर करपतो. एका काहिलीला अडीच-तीन तास लागतात. उतरल्यावर पाक वाफ्यात ओततात, घोटतात आणि साच्यात भरून ढेपा पाडतात.

गूळ होण्याच्या आधीच्या टप्प्यावर काकवी मिळते. गरम भाकरीवर काकवी हा आमच्याकडचा सकाळचा नाष्टा आहे.

गूळ विकत घेणार असाल तर रंगाकडे बघून घेऊ नका. पिवळाधमक गूळ बऱ्याचदा हायड्रॉस पावडर घालून तसा केलेला असतो. काही न घातलेला गूळ तपकिरी, गडद दिसतो. बाजारात त्याला भाव कमी मिळतो, म्हणून शेतकरी पावडरीकडे वळतो. तुम्ही गडद गूळ मागून घेतलात तर ते बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

महाबळेश्वर, पाचगणी का नाही?

दोन्ही ठिकाणं सुंदर आहेत. पण सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात गाड्यांच्या रांगेतच अर्धा दिवस जातो आणि तिथे जायला तुम्हाला आमची गरज नाही. तुमचं तुम्ही सहज करू शकता. एखाद्या गटाने खूपच आग्रह धरला तर पाचगणीजवळचं भिलार सुचवतो. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. गावातल्या घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कुणीही बसून वाचावी. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत शेतंही बघायला मिळतात.

वासोटा किल्ला करता येईल का?

या सहलीत नाही. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जावं लागतं, वनखात्याची परवानगी लागते, पुढे दाट जंगलातली दमवणारी चढण आहे. पूर्ण दिवस हवा आणि सगळ्यांच्या पायांत ताकद हवी. आजी-आजोबा असलेल्या गटाला ते झेपत नाही.

आईला गुडघ्याचा त्रास आहे. तिला घेऊन येऊ का?

जरूर आणा. कुठे किती त्रास होईल ते सांगतो, म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल.

शिवारफेरी सपाट आहे, पण बांधावरून चालावं लागतं, काठी हवी. बारा मोटेच्या विहिरीला उतरायच्या पायऱ्या आहेत, मात्र वरच्या काठावरूनही चांगलं दिसतं. ढोल्या गणपतीला काहीच अडचण नाही. मेणवलीच्या घाटावर उतरताना हात धरायला माणूस लागतो. सज्जनगडावर गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, पण पुढे दगडी पायऱ्या आहेत आणि दमा किंवा गुडघेदुखी असलेल्यांना त्या जड जातात. त्या दिवशी कुणाला गावातच थांबायचं असेल तर खुशाल थांबा. घरातल्या आक्का शेंगा फोडत, गप्पा मारत त्यांना दिवसभर एकटं वाटू देत नाहीत. थांबलेल्या कित्येक आजी गड चढून आलेल्यांपेक्षा खूश दिसतात.

राहायची सोय कशी? संडास-बाथरूम?

मोकळेपणाने विचारत जा, यात लाजण्यासारखं काही नाही. चारही घरांत पाहुण्यांसाठी वेगळी खोली आहे. दोन घरांत कमोड आहे, दोन घरांत नाही. गुडघेदुखी असलेल्यांची नावं आधी कळली की त्यांना कमोड असलेलं घर देतो. आंघोळीला बंबाचं गरम पाणी. गाद्या जमिनीवर, दोन खोल्यांत पलंग. एसी नाही. वीज अधूनमधून जाते. थंडीत रात्री चांगला गारठा पडतो, घोंगडी आणि रजया देतो.

प्रवासात बायकांची सर्वात मोठी अडचण स्वच्छतागृहाची असते. त्यामुळे रस्त्यात कुठे थांबायचं ते आम्ही आधीच ठरवून ठेवतो आणि तिथली स्वच्छता बघूनच ठरवतो.

जेवण काय असतं?

घरात जे शिजतं तेच. ज्वारीची भाकरी, पिठलं, भरलं वांगं, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, ताक. एका रात्री घेवड्याची आमटी ठरलेली. कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याची आमटी खाल्ल्यावर लोक किलोकिलोने घेवडा घेऊन जातात. हुरड्याच्या दिवसांत सकाळी शेतात आगटी लावतो. गोवरीच्या निखाऱ्यावर कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि लगेच खायची. हुरडा थांबत नाही, गार झाला की त्याची गोडी जाते.

तिखट कमी हवं असेल तर पहिल्याच जेवणाआधी सांगा. उपवास, मधुमेह, कांदा-लसूण न खाणं, सगळं सांभाळतो. पिझ्झा मिळणार नाही, पण पोरांसाठी दूधभात, साजूक तूप-गूळ-भाकरी नेहमी तयार असते.

मटण? आणि दारू?

मटणाचा बेत एका रात्री करता येतो, सगळ्या गटाची इच्छा असेल तर. गडाच्या दिवशी नाही. दारू कुठल्याही दिवशी नाही, खोलीतसुद्धा नाही. आम्ही तुम्हाला आमच्या आयाबहिणी राहतात त्या घरांत ठेवतो.

नदीत पोहता येईल का?

नाही. कृष्णा वरून शांत दिसते, पण तळाला डोह आहेत, वाळू उपशाने झालेले खड्डे आहेत. वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पातळी वाढते. घाटाच्या पायरीवर बसून पाय बुडवा. पट्टीचा पोहणारा असलात तरी नियम तोच.

लहान मुलांना कंटाळा येईल का?

पहिल्या संध्याकाळी थोडा येतो. मोबाइलची सवय असते. मग गोठ्यात धार काढायची वेळ होते आणि ती तिकडे जातात. वासरांजवळ जाताना मोठं माणूस बरोबर हवं. नव्याने व्यालेल्या गाईजवळ मुलांना अजिबात सोडू नका.

गावातल्या मुलांना चॉकलेटं, पैसे वाटू नका. त्यांच्याबरोबर विटीदांडू खेळायला तुमच्या मुलांना पाठवा, ते त्यांना जास्त आवडतं. पुस्तकं द्यायची असतील तर गावच्या शाळेत गुरुजींकडे द्या.

फोटो काढले तर चालतात ना?

शिवाराचे, वाड्यांचे, फुलांचे भरपूर काढा. माणसांचे विचारून. पाण्याला निघालेल्या, चुलीपुढे बसलेल्या बाईचा फोटो न विचारता काढणं तुमच्या सोसायटीत चालेल का, एवढा विचार केला की पुरे. ड्रोन आणू नका. रात्री मोठ्याने गाणी लावू नका, गाव पहाटे पाचला उठतं. भजनाला यायचं असेल तर मात्र देवळात स्वागत आहे, टाळ आम्ही देतो.

यायचं कसं?

पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर. स्वारगेटहून एसटीच्या गाड्या सतत असतात. स्वतःची गाडी असेल तर खंबाटकी घाटात सुट्टीच्या दिवशी कोंडी होते, सकाळी सातच्या आत पुणं सोडा. मुंबईहून रेल्वेने यायचं तर कोयना आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस साताऱ्याला थांबतात. रेल्वे स्टेशन शहरापासून बाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. स्टँड आणि स्टेशन, दोन्हीकडे आमची गाडी येते.

बरोबर काय आणायचं?

पकड चांगली असलेले बूट, टोपी, टॉर्च, नेहमीची औषधं आणि थोडी रोख रक्कम. कासच्या पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पावसाळ्यात छत्री घेऊन उपयोग नाही, पठारावरचं वारं ती उलटी करतं. रेनकोट आणा. गडावर, जंगलात जाताना अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. आग्या मोहोळं असतात, तीव्र वासाने माश्या उठू शकतात.

पाऊस जास्त झाला तर?

घाट बंद झाला, दरड आली, प्रशासनाने धबधबा-गड बंद केला, तर आम्ही तिथे जात नाही. त्याऐवजी गावात आणि वाईत दिवस घालवतो. सहल निघण्याआधीच रद्द करावी लागली तर पूर्ण पैसे परत.

पैसे कुणाला जातात?

हे विचारणारे पाहुणे मला फार आवडतात. मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या खात्यात जातात. गाडी गावातल्याच मुलाची आहे. गुऱ्हाळवाल्याला त्याच्या वेळेचे पैसे देतो, कारण पाहुणे आले की त्याचं काम रेंगाळतं. उरलेल्यातून नोंदणीचा आणि फोनचा खर्च निघतो. घेवडा, हळद, आलं, गूळ घरातून घ्याल त्याचे पैसे त्यांनाच द्या आणि भाव करू नका. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र शहरातल्या दुकानातून, परतीच्या वाटेवर.

नाव नोंदवताना काय सांगायचं?

माणसं किती, वयं काय, कुणाला पायऱ्या चालत नाहीत, कुणाचं पथ्य आहे, कोण कुणाबरोबर एका खोलीत राहील. बायकांचा वेगळा गट असेल तर तसं सांगा, त्यांना एकाच वाड्यात उतरवतो. कुणाला गाडी लागत असेल तर तेही आवर्जून सांगा. यवतेश्वरच्या घाटात वळणं खूप आहेत, पुढच्या सीट त्यांच्यासाठी राखून ठेवतो आणि ड्रायव्हरकडे आवळा सुपारी असते.